कोठ्याला दार, मग बैलाला झूल

बाबू,

रविवारी रात्री तुझा फोन आला तेव्हा मी जेवायला बसले होते. "आत्या, बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं, अन् चालूही झालं!" हे तू एका दमात सांगितलंस. घाटंजीत बसून, कोणाला न विचारता, पेनड्राइव्हवरून आख्खी सिस्टीम चढवलीस. मला मनापासून कौतुक वाटलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि नवी विंडोज ज्यांच्यावर चढत नाही असे धडधाकट लॅपटॉप भंगारात निघायला लागले. त्यातला एक तू वाचवलास.

पण पुढे म्हणालास की नंतरचे तीन तास वॉलपेपर, रंग आणि आयकॉन लावण्यात गेले. हो ना? मला ठाऊकच होतं. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी झूल शोधतात, पण आधी कोठ्याचं दार नीट लागतं का ते पाहतात. कोठ्याला दार, मग बैलाला झूल. मी दारव्ह्यात इतकी वर्षं टायपिंगचा क्लास आणि जॉबवर्क चालवलं. ही मशीनं किती वेळा उभी केली आणि किती वेळा माझ्याच हातांनी बसवली, याचा हिशेब नाही. खाली लिहिलंय ते सगळं त्यातूनच आलेलं आहे. चहा घे, एक वही घे आणि एकेक करत जा. एका दिवसात संपवायची घाई नको.

१. आधी दादाचे, म्हणजे तुझ्या बाबांचे, कागद मोज. इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवर काढलेलं प्रत्येक फोल्डर उघडून आतला एखादा सातबारा, एखादी पीक विम्याची पावती वाचून बघ — रिकामं फोल्डरही बाहेरून भरल्यासारखंच दिसतं.

२. पासवर्ड त्या वहीत लिही आणि वही दादाच्या कपाटात ठेव. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली असशील तर त्याचा वेगळा पासवर्ड दोनदा लिही — तो विसरला तर यवतमाळचा काय, पुण्याचा कारागीरही ती डिस्क उघडून देऊ शकत नाही.

३. टर्मिनलमध्ये पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला समजू नकोस, टाकून एंटर दाब — शेजारी बसलेल्याला अक्षरं किती तेही कळू नये म्हणून तशी रीत आहे.

४. ज्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल केलंस तो पुसू नकोस, त्याला चिकटपट्टी लावून नाव लिही. मशीन उद्या उठलं नाही तर त्याच पेनड्राइव्हवरून चालू करून आतल्या फाइली बाहेर काढता येतात — विहिरीत बादली पडल्यावर गळ शोधायला निघू नये.

५. वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, उजेड कमीजास्त होणं हे आजच तपास. झाकण मिटून पाच मिनिटांनी उघड आणि मशीन जागं होतं का तेही बघ — ऑनलाइन मुलाखतीच्या वेळी माइक मुका आहे हे कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

६. वायफाय दिसतच नसेल तर घाबरू नकोस. मोबाइल चार्जिंगच्या केबलने जोड, मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर आणि मग मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघड — काही वायफाय चिपांचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवावा लागतो, म्हणून आधी दुसऱ्या वाटेने इंटरनेट आणायचं.

७. असा ड्रायव्हर टाकताना मशीन एखादा नवा पासवर्ड ठरवायला सांगेल. तो वहीत लिही, कारण रीस्टार्ट झाल्यावर एक निळा पडदा येतो. तिथे सवयीने 'कंटिन्यू' दाबू नकोस, 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड दे — सिक्युअर बूट हा दारावरचा पहारेकरी आहे, त्याला ओळख पटल्याशिवाय तो नव्या ड्रायव्हरला आत सोडत नाही. हा पडदा मी दोनदा घालवला आणि दोन्ही वेळा वायफाय का लागत नाही म्हणून दिवसभर शोधत बसले.

आता अपडेटचं. इथे जरा थांबते, कारण आपल्या जिल्ह्यात अपडेटचा खरा वैरी व्हायरस नाही, लाइन आहे. लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटांच्या वर टिकत नाही. मी एकदा उन्हाळ्यात, दुपारी, बॅटरी नसलेल्या डेस्कटॉपवर मोठा अपडेट सुरू केला आणि पंखा थांबला तसं मशीनही थांबलं. पुन्हा चालू केलं तर काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. दोन दिवस क्लास बंद राहिला.

८. पहिला अपडेट कित्येकशे एमबीचा असतो. तो बॅटरी पूर्ण भरलेली, चार्जर लावलेला आणि दिवसाचा डेटा शिल्लक असताना कर, जमलं तर इन्व्हर्टर असलेल्या घरी बसून — अर्धी ओढलेली बादली विहिरीतच रिकामी होते.

९. तरीही मधेच बंद पडलंच तर पुन्हा इन्स्टॉल करायला धावू नकोस. टर्मिनलमध्ये 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही ओळ इंग्रजी लहान अक्षरांत लिहून एंटर दे — जिथे काम अडलं तिथून ते पुढे उचललं जातं. दोन दिवसांनी मला हीच ओळ सापडली होती, म्हणून तुला पहिल्याच दिवशी देते.

१०. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असशील तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड' करून ठेव — मशीनला कळतं की पाणी टँकरचं आहे, नळाचं नाही.

११. नवा कर्नल आल्यावर मशीन नीट सुरू झालं नाही, तर चालू करताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून धर, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघड आणि आधीचा कर्नल निवड. म्हणूनच जुने कर्नल साफ करायची घाई करू नकोस, निदान एक मागचा राहू दे — नवी बंडी आली म्हणून जुनी त्याच दिवशी मोडू नये.

१२. तुझी मिंट २२ ची मालिका उबंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. हे साल वहीच्या पहिल्या पानावर लिही — मुदत संपलेली सिस्टीम वापरण्याची वेळ आपल्यावर आली होती, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

आता फाइली जपण्याबद्दल. वरचं सगळं विसरलास तरी चालेल, हे विसरू नकोस.

१३. टाइमशिफ्ट उघड आणि आठवड्याला एक स्नॅपशॉट लावून ठेव. कुठलाही मोठा बदल करण्याआधी हाताने एक वेगळा काढ — सिस्टीम बिघडली तर कालच्या जागी परत नेता येते.

१४. पण टाइमशिफ्ट सिस्टीम जपतो, तुझे फोटो आणि दादाचे कागद नाही. होम फोल्डर तो मुद्दामच सोडून देतो. त्यासाठी मिंटचं वेगळं बॅकअप टूल आहे, ते महिन्याच्या पहिल्या रविवारी चालव — मी हा फरक न कळल्याने तीन वर्षांच्या परीक्षार्थींचे सराव-उतारे गमावले आणि ते पुन्हा कोणीही टाइप करून देऊ शकलं नाही.

१५. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या घरात. माझ्याकडे ठेव, पण त्याच टेबलाच्या खणात नको — सगळा कडबा एका गंजीत असला की एकच ठिणगी पुरते.

१६. पेनड्राइव्ह काढण्याआधी 'इजेक्ट' दाब आणि काढायला हरकत नाही असा निरोप येईपर्यंत थांब. लिनक्स फाइल आधी आपल्या मेमरीत घेतं आणि मग सावकाश पेनड्राइव्हवर उतरवतं. पट्टी भरलेली दिसली तरी लिहिणं चालू असतं — उपसून काढलास तर समोरच्याच्या मशीनवर फाइल उघडत नाही, आणि नेमकी तीच फाइल सेतू केंद्रात द्यायची असते.

१७. 'डिस्क्स' नावाचं ॲप उघडून हार्ड डिस्कची स्मार्ट तपासणी बघ. तिथे धोका दाखवला तर बाकी सगळं सोडून त्याच दिवशी फाइली बाहेर काढ — आठ-दहा वर्षं चाललेली डिस्क अनेकदा आधी कुरकुर करते, आपण ऐकत नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, मराठी. मी टाइपरायटरवर मराठी ३० आणि ४० केलं, हजारो पोरापोरींकडून करून घेतलं. त्यामुळे या बाबतीत मी थोडी हट्टी आहे आणि तूही राहावंस असं वाटतं. मोबाइलवर बोलून टाइप करणं सोपं आहे, पण अर्ज लिहायचा, ग्रामसभेचा ठराव करायचा, तर बोटांना अक्षरं माहीत हवीत.

१८. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट जोड आणि इंग्रजी-मराठी बदलण्यासाठी एकच बटणांची जोडी ठरव. मनात इंग्रजी स्पेलिंग करून मराठी लिहायचं असेल तर तिथे फोनेटिकही आहे, पण महिनाभर इनस्क्रिप्टवर बस — ही १९८६ मध्ये ठरलेली मांडणी आहे, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं, आणि हीच हिंदीलाही चालते.

१९. 'शेतकऱ्यांना' हा शब्द आज दहा वेळा लिही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून इंग्रजी जे, मग डी, मग तिरप्या रेघेचं बटण, म्हणजे ऱ्य मिळतो. साधा र घेतलास तर 'शेतकर्यांना' असा रफार डोक्यावर चढतो — ज्या जिल्ह्यात निम्मे अर्ज शेतकऱ्यांचे, तिथे तोच शब्द चुकीचा छापून जाऊ नये. आणि ळ साठी शिफ्टसकट एन. 'यवतमाळ' चा शेवट ल ने केलास तर मला दाखवू नकोस!

२०. लोहित आणि नोटो हे देवनागरी फॉन्ट आहेत का ते बघ, नसतील तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाक — दोन्ही मुक्त आहेत, कोणाकडून चोरून कॉपी करावे लागत नाहीत.

२१. दादाच्या जुन्या फाइली उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. फाइल बिघडलेली नाही, ती श्रीलिपी, आकृती किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टात आहे. मूळ फाइल तशीच ठेव आणि तिची युनिकोड प्रत वेगळ्या नावाने कर — त्या फॉन्टात मराठी अक्षराच्या जागी आतून इंग्रजी चिन्हच साठवलेलं असतं, फॉन्ट गेला की अर्थही जातो.

२२. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस या वाटेने जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्टची भाषा मराठी कर, हिंदीवर सोडू नकोस — ज्या फॉन्टात सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

२३. प्रदेशाच्या सेटिंगमध्ये 'इंग्लिश, युनायटेड स्टेट्स' असेल तर ते 'इंग्लिश, इंडिया' कर. अमेरिकेत कागद लेटर आकाराचा, २७९ मिलिमीटर उंच. आपला ए४ २९७ — मधल्या १८ मिलिमीटरमध्ये नेमकी सही आणि शिक्क्याची जागा कापली जाते आणि पोरगं प्रिंटरला दोष देत बसतं.

२४. प्रिंटर विकत घेण्याआधी त्याचं मॉडेल लिनक्सवर चालतं का ते शोध. दादा पुढे सेवा केंद्राचं काम करणार असेल तर अंगठ्याच्या मशीनचंही तेच, बनवणाऱ्याने लिनक्ससाठी आरडी सर्व्हिस, म्हणजे ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, दिली आहे का ते आधी विचार — दुकानदाराला विकायचं असतं, बसवायचं आपल्याला असतं.

घड्याळाबद्दल तू विचारलं होतंस, ते इथेच सांगते.

२५. शेजारी विंडोज राहू दिली असशील तर तिथलं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. 'टाइमडेटसीटीएल' या कमांडने लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगता येतं — विंडोज मशीनच्या घड्याळाला भारतीय वेळ समजते, लिनक्स त्यात ग्रिनिचची वेळ ठेवतं, आणि दोघांमधलं अंतर बरोबर साडेपाच तासांचं.

२६. दरवेळी चालू केल्यावर तारीख काही वर्षं मागे जात असेल तर आतला बटणाएवढा सेल संपला आहे. अनेक मशीनमध्ये तो सीआर २०३२ असतो आणि स्वस्त मिळतो — तारीख चुकली की बँकेच्या आणि सरकारी साइट सुरक्षित नाहीत म्हणून उघडतच नाहीत, आणि आपण उगाच इंटरनेटला शिव्या देतो.

२७. शेजारी विंडोज असेल तर तिच्यातलं फास्ट स्टार्टअपही बंद कर — ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि तिच्या डिस्कवर लिनक्सला नीट लिहिता येत नाही.

आता रोजच्या वापराचं.

२८. फायरवॉल मिंटमध्ये असते, पण बंद असते. सेटिंगमध्ये जाऊन एक खटका दाब — स्टँडवरच्या, हॉटेलातल्या फुकट वायफायवर अनोळखी माणसाला आपल्या मशीनचं दार खटखटवता येऊ नये.

२९. दादासाठी वेगळं खातं कर, साधं, ॲडमिनिस्ट्रेटर नको. त्याच्या पडद्यावर मोठी अक्षरं, ब्राउझर आणि कागदांचं फोल्डर, एवढंच ठेव — माणूस आपल्या ओट्यावर निवांत बसला पाहिजे, दर वेळी वाट विचारावी लागू नये.

३०. सॉफ्टवेअर सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घे. व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलेली कमांड उचलून टर्मिनलमध्ये चिकटवू नकोस, विशेषतः सुडोने सुरू होणारी — अनोळखी बी मुठीत घेऊन पाहावं, मग मातीत टाकावं.

३१. काही काढून टाकताना यादी येते आणि शेवटी 'वाय' विचारतात. यादी पूर्ण वाच. मी एकदा पायथन आपल्या कामाचा नाही म्हणून काढायला घेतला आणि न वाचता वाय दाबला; त्याच्यावर उभा असलेला आख्खा डेस्कटॉप त्याच्यासोबत गेला. दुसऱ्या दिवशी एका लग्नाच्या पत्रिकेचं प्रूफ द्यायचं होतं — मापारी कितीही ओळखीचा असो, काटा आपण बघावा.

३२. 'आरएम' या कमांडने काढलेली फाइल कचऱ्याच्या डब्यात जात नाही, कायमचीच जाते. ती लिहिताना रिकाम्या जागा मोज — एक स्पेस चुकली की एका फाइलऐवजी फोल्डरमधल्या सगळ्या फाइली जाऊ शकतात.

३३. चार जीबी रॅम असेल तर ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे ठेवू नकोस, आणि तरीही अडखळत असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बघ — ती हलकी आहे, म्हाताऱ्या बैलाला हलकी बंडी.

३४. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. लॅपटॉप गोधडीवर, गादीवर ठेवू नकोस आणि वर्षातून एकदा, कापसाचा हंगाम संपल्यावर, आतली धूळ साफ करून घे — कापसाचा बारीक तंतू पंख्यात बसला की मशीन तापतं आणि आपण सिस्टीमला दोष देतो.

३५. कोणाला मदत विचारायची तर 'चालत नाही' एवढंच सांगू नकोस. पडद्यावरचा निरोप जसाच्या तसा, मिंटची आवृत्ती आणि त्याआधी तू काय केलंस, हे तीन सांग — डॉक्टरला नुसतं 'बरं वाटत नाही' सांगून गोळी मिळत नाही.

३६. केलेला प्रत्येक बदल त्या वहीत तारखेसह लिही, एक ओळ पुरे. सहा महिन्यांनी हीच ओळ तुला वाचवेल — हाताला आठवतं, डोक्याला आठवत नाही.

शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. लिनक्स, लिब्रेऑफिस, सगळं लहान लहान पाठांत, फुकट, आणि मराठीतही. रोज एक बघ, दोन नको. आणि एक लक्षात ठेव, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ च्या ऑगस्टमध्ये हे काम लोकांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो हेलसिंकीत शिकणारा २१ वर्षांचा मुलगा होता, तुझ्याच वयाचा. त्याच्यानंतर जगभरच्या माणसांनी त्यात भर घातली. मराठीतले मेनू, मराठी फॉन्ट, हेही कोणीतरी संध्याकाळी कामावरून घरी आल्यावर बसून केलेलं आहे. मेनूत एखादा मराठी शब्द चुकलेला दिसला तर तो दुरुस्त करून पाठवण्याचा हक्क तुलाही आहे. तो वापर.

वॉलपेपर छान लावलास हो, तू पाठवलेला फोटो पाहिला. टिपेश्वरचा वाघ शोभून दिसतो.

संक्रांतीला येशील तेव्हा वही आण आणि एक रिकामी हार्ड डिस्क आण, दुसरी प्रत माझ्या कपाटात ठेवू. तोवर एवढं कर: आज रात्री लाइन असेपर्यंत दादाचं कागदांचं फोल्डर पेनड्राइव्हवर घे, इजेक्ट करून काढ, पुन्हा लावून एक फाइल उघडून बघ आणि मला फोन कर. अकरापर्यंत मी जागीच असते.

तुझी आत्या